न उघडलेली चिठ्ठी

प्रिय ताई,

शाळेच्या स्मरणिकेसाठी प्रश्नमंजुषा संघाचा इतिहास मी लिहितेय. आपण एकदाच अंतिम फेरी गाठली, त्या पानावर अडलेय.

उत्तर फक्त कर्णधाराने द्यायचं, बाकीच्यांनी चिठ्ठी सरकवायची. धाकटी असून कर्णधार मी, कारण आवाज मोठा! तुझी चिठ्ठी न उघडताच मी माझं उत्तर ठोकून दिलं आणि आपण हरलो. बाईंनी विचारल्यावर तू म्हणालीस, "मीच चुकीचं लिहून दिलं, बाई."

घरी चिठ्ठी उघडली. तुझं उत्तर बरोबर होतं. मी आजवर गप्प राहिले.

हे पत्र आत्ताच पाठवलं, तर "जाऊ दे गं, शहाणे," म्हणून तू ते पान बदलायला लावशील. म्हणून आधी स्मरणिकाच येईल. तिच्यात तुझं उत्तर आहे, आणि ते कुणी दाबलं, तेही.

तुझी,
मोठ्या आवाजाची धाकटी