मारोतरावाचा रेडिओ आणि माझी दाढ

केनवड, १ जानेवारी १९४२
इंग्रजी साल लागलं. संकल्प: यंदा खात्री केल्याशिवाय कशावरही विश्वास ठेवायचा नाही. बाजारात दोन तोंडांचं वासरू आलं होतं. सारा गाव लोटला. मीही गेलो, पण तपासायला. दुसरं तोंड शिवलेलं. टाके दिसत होते. तसं बोललो तर वासरूवाला म्हणे, "नानाजी, तुमचं पाहून झालं ना, मंग सरका." गावात शास्त्रीय नजरेचा मी एकटाच. हेही एक ओझंच.

४ जानेवारी
शेजारच्या मारोतरावाने अकोल्याहून रेडिओ आणला. बॅटरीवर चालतो. तार त्याच्या लिंबावरून निघून माझ्या गोठ्यावरून त्याच्या माडीला. म्हणे, मुंबईचा माणूस इथं बोलतो. पेटीच्या मागे जाऊन पाहिलं. माणूस नव्हता. पण एवढ्यावरून काही सिद्ध होत नाही.
माझी बायको तुळसा रोज संध्याकाळी लढाईच्या बातम्या ऐकायला जाणार म्हणते. आमचा मुलगा रामकिसन पलटणीत मोटार ड्रायव्हर आहे, सिंगापूरला. तिला समजावलं: सिंगापूर म्हणजे सरकारचा पक्का किल्ला. तिथे काय व्हायचंय. तरी गेली.

७ जानेवारी
डाव्या दाढेत ठणका. बातम्या सुरू झाल्या तेव्हा सुरू, संपल्या तेव्हा बंद. योगायोग असेल. नोंद मात्र करून ठेवतो.

९ जानेवारी
पुन्हा. आधी दाढ, मग कानशील, मग छातीत धडधड. भिंतीपलीकडून "मलायात माघार" असं काहीसं ऐकू आलं आणि ठणका दुप्पट झाला. आता शंका नाही. रेडिओच्या लाटा मला बाधतात. लाखात एखाद्यालाच बाधत असतील.
मारोतरावाला सांगितलं. तो म्हणे, "मले तं काई होत नाई." म्हटलं, तुमची कातडी जाड आहे. चहा न घेता आलो.

१५ जानेवारी
उपाय सापडला. पागोट्यात तांब्याची तार गुंडाळून तिचं टोक मागे जमिनीला टेकतं सोडलं. लाट तारेतून मातीत जिरणार. तर्क बिनचूक. गोठ्यात म्हशीने टोकावर पाय दिला आणि पागोटं तिच्या पायाखाली, मी शेणात. तर्कात चूक नाही, म्हशीत आहे. तुळसा हसली. बऱ्याच दिवसांनी हसली म्हणून काही बोललो नाही.

२१ जानेवारी
वाशीमला डॉक्टरकडे. दाढ ठोकून पाहिली, मजबूत आहे म्हणाले. लाटांचं सगळं सांगितलं. मध्येच त्यांनी विचारलं, मुलाचं शेवटचं पत्र कधी आलं? दाढेचा आणि टपालाचा काय संबंध. दिवाळीनंतर नाही, असं सांगितलं. डॉक्टरांनी झोपेच्या पुड्या दिल्या. आजकालचे डॉक्टर मूळ तक्रारीकडे लक्ष देत नाहीत. पुड्या घेणार नाही.
रात्री घेतली.

२७ जानेवारी
मुक्काम शेतातल्या खोपडीत हलवला. इथे लाट येणं शक्य नाही.

२८ जानेवारी
येते. दिवस मावळताना, अगदी बातम्यांच्या वेळेला. ज्वारी राखायला असलेला पुंजाजी म्हणे, "मालक, घरची याद येऊन राह्यली का?" अडाणी माणूस. उद्या घरी परत. कारण इथे उंदीर आहेत.

१ फेब्रुवारी
तुळसा रेडिओवरून एकेक नाव घेऊन येते आणि मला विचारते. आज विचारलं, "जोहोर कुठं आलं हो?" म्हटलं, फार लांब. ती चुलीकडे गेल्यावर रामकिसनचं शाळेचं नकाशाचं पुस्तक काढलं. जोहोर आणि सिंगापूर यांच्यात नखाएवढं पाणी. शाळेचे नकाशे भरवशाचे नसतात. पुस्तक धान्याच्या कोठीमागे ठेवलं.

११ फेब्रुवारी
आता निर्वाणीचा इलाज. मूळच तोडलं पाहिजे. दुपारी सगळे खळ्यावर असताना गोठ्यावर चढलो आणि विळ्याने मारोतरावाची तार कापली. आजपासून दाढ मोकळी.

त्याच दिवशी, संध्याकाळ
पेटी मुकी. माणसं जमली, वाट पाहून घरी गेली. तुळसा मात्र दिवा लागेपर्यंत तिथेच बसून राहिली. ठणका कालच्यापेक्षा जास्त. कारण समजत नाही.

१२ फेब्रुवारी
मारोतरावाने स्वतः गोठ्यावर चढून तार जोडली. मी ओसरीवर बसून पाहत होतो. उतरल्यावर एवढंच म्हणाला, "नानाजी, वयनी काल रडत होत्या. माह्या पेटीवर राग हाय तं मले शिव्या द्या. तार नोका कापू." मी म्हटलं, माकडं फार झालीत. तो हो म्हणाला.

१६ फेब्रुवारी
सिंगापूर पडलं.
मी अंगणात उभा होतो, तिथेच ऐकू आलं. हजारो शिपाई कैद. नंतर गाणं लागलं. मारोतरावाने पेटी बंद केली. मी त्याच्या घरात गेलो, या महिन्यात पहिल्यांदाच. म्हटलं, बंद कायले केली, नावं सांगतील. तो म्हणाला, "ते नावं नाई सांगत, नानाजी." तरी लावायला सांगितली. पेटीला कान लावून बसलो. गाणंच चाललं होतं. मग तेही संपलं. कोणी मला उठवलं नाही.

१८ फेब्रुवारी
आज संध्याकाळी तुळसा चूल थंड ठेवून माझ्यासमोर येऊन बसली.
म्हणाली, "तुमाले लाटा लागते म्हनता. मी हासली, माहं चुकलं. आता डोये मिटा अन् मले सांगा, पोरगा हाय का?"
म्हटलं, तुळसे, तसं नसतं ते.
"मुंबईचं लागते, मंग सिंगापूरचं काहून नाई लागनार? तुमी बाप आहा त्याचे."
डोळे मिटले. दाढ चाचपली, कानशील, छाती. ठणकासुद्धा नव्हता. काहीच नव्हतं. डोळे उघडले तर ती तशीच बसलेली, माझ्या तोंडाकडे पाहत.
म्हटलं, हाय.
"काय करून राह्यला?"
म्हटलं, जेवून राह्यला.
ती उठली. चूल पेटवली, पीठ मळलं. मला भाकर वाढली, स्वतःही थोडी खाल्ली. ताट उचलताना म्हणाली, "उद्या याच वक्ती पाहा. तो जेवाले बसते तवा."
मी हो म्हणालो.