बाबांचा कैदी नंबर

४ फेब्रुवारी २०२३

आज पुन्हा बेटावर बोट भरून पाहुणे; जुनी कैद्यांची वसाहत त्यांना फिरवून दाखवायचं काम माझं. उतरल्या उतरल्या सगळ्यांचा एकच प्रश्न — तुरुंगाची भिंत कुठे आहे? भिंत नव्हतीच! समुद्र होता. कैदी इथे बायकापोरांसकट राहायचे. घर मिळायचं, मुलांना शाळा होती. मी तीन वर्षांची आले, नऊ वर्षांची होऊन गेले. "माझे बाबा इथे कैदी होते," असं मी म्हटलं की सगळे माझ्याकडे वळतात. मग फोटो काढतात. माझा!

एका बाईंनी हळूच विचारलं, "फार हाल झाले असतील ना?" काय सांगू? मिठागरावर बाबांच्या टाचा फुटायच्या, भेगांत मीठ जायचं. पिण्याचं पाणी मचूळ. बोट चुकली की आठवडाभर नुसता घेवडा. आणि मी मात्र दिवसभर अनवाणी, इग्वाना सरड्यांच्या मागे धावत! दोन्ही खरं. बाईंना एकच हवं होतं.

७ फेब्रुवारी

इथल्या पर्यटनाच्या साहेबांनी ठरवलंय — प्रत्येक घरावर तिथल्या एका कैद्याच्या नावाची पाटी. नाव, नंबर, साल. रंगवायचं काम नाबोरकाकांकडे. काकांनी इथेच अकरा वर्षं काढली, सुटले, आणि आता पाहुण्यांच्या खोल्यांचं सुतारकाम करायला परत आलेत. "पूर्वी इथून पळायची वाट शोधायचो, आता इथे यायची बोट चुकू नये म्हणून धावतो!"

मी म्हटलं, पहिली पाटी आमच्या घराची. बाबांचं नाव — फिदेन्सिओ आर्रेओला.

"नंबर आण, पोरी. नंबर नसेल तर तो कैदी कसला? पाहुणाच की!"

९ फेब्रुवारी

जुन्या कचेरीतल्या नोंदवह्या चाळल्या. आर्रेओला नाहीत.

१० फेब्रुवारी

नाहीतच.

१२ फेब्रुवारी

तोंडाने पाहुण्यांशी बोलतेय, डोकं नोंदवह्यांत. दुपारी झाडलेलं अंगण पुन्हा झाडलं. मग तिसऱ्यांदा. काका ओरडले, "अगं, खड्डा पडेल!" बसवतच नाही कुठे. माणूस सहा वर्षं राबला आणि त्याची एक ओळ नाही?

१४ फेब्रुवारी

सापडलं. आर्रेओला नव्हे — लेदेस्मा. आईचं माहेरचं आडनाव.

"आम्पारो लेदेस्मा. वय पंचवीस. मनुष्यवध. शिक्षा नऊ वर्षं; सहा वर्षांनी सुटका. सोबत — पती, मुलगी एक."

तीनदा वाचलं. आई सकाळ-संध्याकाळ हजेरीच्या रांगेत उभी राहायची. मी विचारायचे, तू का? "बाबा मिठागरावर असतात ना, त्यांच्या बदली मी 'हजर' म्हणते." मला पटायचं. का नाही पटणार? पाच वर्षांची होते!

१५ फेब्रुवारी

काकांना वही दाखवली. मग म्हणाले, "नवऱ्यामागे आलेल्या बायका खूप पाहिल्या. बायकोमागे आलेला नवरा — एक नाही."

तेव्हापासून आत काहीतरी पेटलंय. बेट सोडल्यावर बाबांना बंदरावर कुणी कामाला ठेवलं नाही. "बेटावरचा" हेच त्यांचं नाव पडलं. माझ्या लग्नात सासऱ्यांनी त्यांना मांडवात नाही, स्वयंपाकघरात जेवायला बसवलं. बाबा हसत जेवले. आई तिथेच होती — मासे तळत. तोंडातून अवाक्षर नाही!

१९ फेब्रुवारी

बोटीने किनाऱ्यावर, माझातलानला आईच्या घरी आले. आई कोळंबी सोलत होती. चप्पलही न काढता म्हटलं, "कैदी तू होतीस."

हात थांबला नाही. "हो."

"आणि लोक बाबांना खुनी म्हणत राहिले! तू ऐकत राहिलीस!"

"त्यानेच ठरवलं होतं ते. बाप तुरुंगातून आला तर लोक चार दिवस बोलतात. आई आली तर पोरीला कुणी दारात उभं करत नाही."

"बारा वर्षं झाली त्यांना जाऊन, आई! एकदा तरी सांगायचंस. मला तरी!"

"जेवून घे, तेन्चा."

जेवले नाही. रागाच्या भरात म्हणाले, "तुझ्या हातचं नको." म्हणजे काय, ते तिला कळलं. मलाही — पण बोलून झाल्यावर.

२१ फेब्रुवारी

बेटावर परत. पाहुण्यांना आज फक्त झाडांची नावं सांगितली.

२५ फेब्रुवारी

कचेरीत फोन. आई! जिने आजवर मला कधी स्वतःहून फोन केला नाही.

"मध्ये बोलू नकोस. बेटावर येण्याआधी गोदामात कामाला होते, तिथे मुकादमाने माझा हात धरला. सुरा तुझ्या बापाने मारला, मी नाही. पोलिस आले तेव्हा मी म्हटलं, मीच मारला. अब्रू वाचवायला बाईने मारलं म्हणून नऊ वर्षं. त्याला तीस झाली असती. — तो तरी शिक्षा नसताना मिठागरावर राबायला कशाला आला असेल गं?"

फोन ठेवला तिने. पुन्हा लावतेय. उचलत नाही.