साठच्या पुढे हलणारी सीट

तीर्थरूप आत्यास तुझ्या नावडत्या भाच्याचा वाकून नमस्कार. राग अजून उतरलेला नसावा, कारण फोन उचलत नाहीस, म्हणून पत्र. तुझा रक्तदाब आणि तुझं मांजर (तेही माझ्यावर तुझ्याइतकंच गुरगुरतं) ठीक असावीत.

काका गेल्यावर त्यांची पिकअप मला देताना तू एवढंच म्हणालीस, की हिला हात लावू नकोस. मी हात लावला नाही, फिटरला लावायला सांगितला. (फाडू नकोस, पुढे वाच.) वाटेतले दगड पोटाला घासायचे, म्हणून गाडी वीतभर उंच करून घेतली. अशी ऐटदार झाली की शेजाऱ्याच्या पोटात दुखू लागलं. पण काटा साठच्या पुढे गेला की खालून थरथर सुरू, दातावर दात आपटतील अशी. फिटर म्हणाला, गाडी उंचावली की गिअरबॉक्सकडून मागच्या चाकांकडे जाणारा शाफ्ट तिरपा होतो. त्याच्या दोन्ही टोकांचे कोन जुळले नाहीत तर तो कुरकुरणारच. मागच्या एक्सलवर, स्प्रिंगच्या पाट्यांखाली, लोखंडी पाचर ठोकली की झालं. त्याने ठोकली, ती उलटी. मग थरथर चाळिसालाच सुरू झाली. (आगीतून फुफाट्यात.) शेवटी मीच गाडीखाली शिरलो, कोन मोजले, पाचर सुलट करून घेतली. डॅशबोर्डवर पाण्याचा पेला ठेवून गाडी पळवली, तर पाण्यावर तरंगसुद्धा नाही.

पण बाजूची रिकामी सीट हलत होती. फक्त तीच, आणि तिचीही डावी कड. जरा हलायची, थांबायची, पुन्हा हलायची. साठच्या खाली आलो की बंद. फिटरने बोल्ट आवळले, मग सीटच बदलली. नवी सीटही तेच करू लागली. शेवटी तो स्वतः तिथे बसला. अर्ध्या वाटेत त्याने कुणाला तरी जागा द्यावी तसं अंग चोरलं, गाडी थांबवायला सांगितली आणि उरलेली वाट पायी गेला. (त्याचे पाने गाडीतच राहिलेत. न्यायला येत नाही.) त्यात ती बेल्टची घंटा, सीटवर कुणी नसताना वाजते. मी आता रिकाम्या सीटला बेल्ट लावतो. मग ती गप्प होते.

आत्या, भूतबीत मला पटत नाही. पण दुसरा कुणी साठच्या पुढे हाकू लागला की चकार शब्द न काढता डावा गुडघा हलवत बसणारा माणूस तुझ्याच घरात होता. हे लक्षात आलं तेव्हा मी गाडी कडेला घेऊन रडलो. भीतीने की बरं वाटलं म्हणून, ते मलाच सांगता येत नाही. त्यांची फार आठवण येते. तुझीही येते, आणि तू तर हाकेच्या अंतरावर आहेस.

तुझा,
वाट पाहणारा भाचा

ता. क. गाडी पुन्हा खाली करू का? तू म्हणशील तसं. फक्त काहीतरी म्हण.

आणखी एक ता. क. काल मी पन्नासच्याही खाली होतो, शपथ, तरी सीट हलू लागली. वेग आणखी कमी केला, तरी थांबेना. गाडी उभी केली, इंजिन बंद केलं, तरी थांबेना. मागे वळून पाहिलं, तर तुझ्या गल्लीचं वळण मागे राहिलं होतं. रविवारी घेऊन येतो. दार उघड, आणि दाराशी स्टूल काढून ठेव. माझ्यासाठी नको, गाडी उंच झाली आहे, आणि गुडघे त्यांचे दुखायचे.