घोंगडीची वेबसाइट आणि पाच हजार सोयरे

दहिवडी, सोमवार

ती. दाजींना हिंदुरावचा नमस्कार (हात सलामाला वर गेला होता, फौजेतली सवय).

आक्काचा गुडघा आणि तुमची डोंगरभटकंती आपापल्या चालीनं चालू असतील. इकडं आम्ही खुशाल, मेंढरं खुशाल. वेबसाइट तेवढी आजारी होती.

आमच्या सौ. आणि गावातल्या दहा बायका घोंगड्या विणतात, ते तुम्हाला ठाऊकच आहे. 'दिवाळीपतुर मागणी न्हाई आली तर माग गुंडाळते,' असं सौ.नं बजावलं, तेव्हा सून साक्षीनं वेबसाइट काढली. पानाचा पत्ता मीच ठरवला. त्यात माझं नाव, हुद्दा, गाव आणि 'उत्तम घोंगडी' तीनदा घातलं (एकदा सांगून गुगलला कळत नसावं, असा माझा समज). पहिल्या गिऱ्हाइकाला फोनवर तो पत्ता सांगता सांगता माझा चहा निवला, आणि गिऱ्हाइकानं फोन ठेवला. साक्षीनं काटछाट करून नुसतं 'घोंगडी' ठेवलं. हुद्दा गेल्याचं वाईट वाटलं, पण सोसलं.

मग एकाचा फोन आला. दुसऱ्या वेबसाइटींनी आपला दुवा, म्हणजे लिंक, दिला की गुगल आपल्याला वर घेतं, आणि तो असे पाच हजार दुवे लावून देणार. सुनेला न विचारता मी हो म्हणालो. आठवड्यात आमची शिफारस करू लागले केसांचे टोपवाले, जुगारवाले आणि एक रशियन (चित्रावरून दातांचा डॉक्टर असावा). होतो गुगलच्या तिसऱ्या पानावर, ते पार गायब झालो.

"आवं मामा," साक्षी म्हणाली, "जुगाऱ्याची शिफारस कोण मानंल? भरवशाचा एक माणूस बोलला तरी लय झालं."

सौ. माग गुंडाळायला दोरी शोधू लागली, ते जास्त लागलं.

त्या पाच हजारांशी आमचा संबंध नाही, असं साक्षीनं गुगलला रीतसर कळवलं. मग पाचगणीत पाहुण्यांना खोल्या देणाऱ्या एका बाईंनी (त्या आमच्या जुन्या गिऱ्हाईक) आपल्या पानावर दोन ओळी आणि दुवा दिला. त्यावरून बारा घोंगड्यांची मागणी आली! आता आम्ही दुसऱ्या पानावर आहोत आणि माग दिवसभर चालू आहे.

आपला,
हिंदुराव

ता. क. तुमची डोंगरवाटांची वेबसाइट सांगली-साताऱ्याची सगळी भटकी मंडळी वाचतात. तिथं आमचा एक दुवा टाकाल का? पत्र खरं तर त्यासाठीच.

ता. क. २. साक्षीनं आत्ता दाखवलं, तुम्ही तो परवाच टाकलाय. पत्र लिहून झालंय, म्हणून पाठवतो. पण दाजी, खाली 'ऊबदार आहे, पण टोचते' असं कशाला लिहिलंत? मी खोडायला सांगणार होतो. सौ. म्हणाली, "टोचती, ते खरंच हाय. ऱ्हाऊ द्या." सकाळपासून त्यावरून तीन फोन आले, टोचते म्हणजे लोकर अस्सल म्हणे. तिघांनाही टोचणारीच पाहिजे.