उंटधोंडीवरचे निळे पंजे

मु. हसनाबाद, सोमवार, दुपार

तीर्थस्वरूप भुजंगदादांस, धाकटा चुलतभाऊ बद्रीनाथ याचा पायावर डोकं ठेवून नमस्कार.

दिवाळीला लिहायला घेतलेलं पत्र संक्रांत उलटल्यावर लिहून राह्यलो, हे आधीच कबूल करतो. आधी शाई वाळली. मंग वाटूरला बैल बघायला गेल्तो (बैल आपल्याला घ्यायचा नव्हता, लोक निघाले म्हणून मीही निघालो, आणि तिकडंच आठ दिवस लागले). तुम्हाला हैदराबादचं पाणी मानवतं का? कचेरीतले साहेब बोटावरून अजून काही बोलतात का? इकडं उषाकाकू खुशाल आहेत. रोज भाकर थापताना तुमचं नाव काढतात आणि माझ्याकडं बघून उसासा टाकतात.

आता उंटधोंडीचं. तुम्ही गेल्यापासून दोन वर्षांत तिची शान काही वाढली न्हाई. पायथ्याशी साळूबाईच्या शेळ्यांच्या लेंड्या, त्यात बाभळीचे काटे. मागल्या अंगाला सकाळी गावातली टमरेलं बसतात, म्हणून ऊन वर आल्याबिगर चढायला जाता येत न्हाई. धोंडीच्या ज्या वाकाला आपण उंटाची मान म्हणतो, तिच्याखाली गांधीलमाश्यांनी घर केलंय. निजामसरकारच्या मुलखात याहून घाण दगड नसंल. आपला चढाईचा जोडीदार रामकिसन तर दिवाळीपर्यंत दर सोमवारी शपथ घ्यायचा की ह्या उकिरड्यावर पुन्हा पाय ठेवणार न्हाई, आणि मंगळवारी माझ्याआधी तिथं हजर असायचा. मलाही दुसरीकडं करमत न्हाई. त्या धोंडीला हात लावला की तळव्याला गार लागतं, जेठाच्या उन्हातसुद्धा, आणि मंग घरची आठवण राहत न्हाई.

वाटूरची चार पोरं मागं आल्ती. त्यांच्याकडं म्हणे चांगला धुतल्यासारखा कडा आहे. आपली धोंड बघून हसली आणि विचारलं, इथं चढता का शेळ्या वळता? आपली रीत त्यांना समजावून सांगितली, की ज्याचा हात जिथवर पोचला तिथं त्यानं आपल्या रंगाचा पंजा उठवायचा. रामकिसनचा गेरू, माझा चुना, तुमची काकूच्या धुण्यातली नीळ. माझा चुना कमरेएवढ्या उंचीवर दिसला तेव्हा ती पोरं पुन्हा हसली. तुमचा निळा पंजा दाखवायला गेलो तर पावसानं पुसून गेल्ता. उंटाच्या छातीजवळच्या त्या फटीपाशी, जिथं तुमचा पाय सुटला आणि उजव्या हाताची अर्धी करंगळी आत राह्यली, तिथं निव्वळ शेवाळ. गावानं तेव्हापासून तुमचं नाव साडेनऊ पाडलंय, ते मला बिलकुल आवडत न्हाई (मीही म्हणतो, पण तुमच्या माघारी).

तर दिवाळीच्या सुमाराला तिथं तुमचा निळा पंजा पुन्हा दिसू लागला. त्याचं मी फार मनावर घेतलं न्हाई. पण पुढच्या बाजाराला त्याच्या वर दुसरा आला. त्यापुढच्या बाजाराला तिसरा. दर आठवड्याला एक, बराबर हातभर अंतरावर. साळूबाई म्हणते तिच्या शेळ्या आता त्या अंगाला चरत न्हाईत, वर तोंड करून उभ्या राहतात. रामकिसन बघायला म्हणून चढला. तिसऱ्या पंजाला त्याचं नाक लागलं, आणि खाली आला तेव्हा नाक निळं. नीळ ओली होती, दादा, आणि वर गांधीलमाश्यांशिवाय कोणी नव्हतं. त्या दिवसापासून त्याचा गुडघा दुखतो आणि तो पारावर सोंगट्या खेळतो.

गाव मला विचारतं, भुजंग आलाय का? मी म्हणतो, हैदराबादेत आहे. मंग सगळे माझ्या तोंडाकडं बघतात. पत्र न लिहायचं खरं कारण हेच, की उत्तर आलं न्हाई तर काय समजायचं, याची मला भीती वाटून राह्यली.

म्हणून एकच मागणं. उजवा हात शाईत बुडवून कोऱ्या कागदावर उठवा आणि उलट टपालानं पाठवा. खर्चा मी देईन.

आपला आज्ञाधारक,
बद्रीनाथ

ता. क. रागावू नका. फटीजवळचा पहिला पंजा मीच काढला. वाटूरची पोरं हसली ते सहन झालं न्हाई. काकूची नीळ घेतली, माळवदाची शिडी लावली आणि तुमची खूण पटावी म्हणून करंगळी दुमडून हात उठवला. म्हणजे घाबरण्यासारखं काही न्हाई.

ता. क. दुसरं. पण मी एकच काढला. शिडी तिथवरच पुरती. वरचे नऊ माझे न्हाईत, आणि त्या नवांत करंगळी पुरी आहे. तुमचं पेर त्या फटीतून कोणी काढलं न्हाई, हे तुम्हालाही माहीत आहे. आता शेंड्याला हातभरच राह्यलंय.

ता. क. तिसरं. पाकीट चिकटवायला खळ आणायला उठलो तर ओसरीवर काकूंचं रडणं-हसणं चाललेलं. दादा, तुम्हीच आल्ता. तार न्हाई, सांगावा न्हाई, हातात पिशवीसुद्धा न्हाई. मोटारीनं आलो म्हणालात. सोमवारी मोटार हसनाबादला येत न्हाई. मला बघून म्हणालात, "बद्री, ऊन उतरलं की धोंडीवर येतोस का? एकच हात राह्यलाय." मंग काकूंकडं हात धुवायला पाणी मागितलंत.

काकू तांब्यानं पाणी घालून राह्यल्या. फरशीवरून निळं वाहतंय. मी खिडकीतून बोटं मोजली. साडेनऊ भरायला पाहिजेत. दोनदा मोजली, दोन्ही वेळा दहा.

काकूंनी त्याला पान वाढलंय आणि भुजंगच म्हणून राह्यल्या. पत्र मी हैदराबादच्याच पत्त्यावर टाकतो. तुम्ही तिथं असाल तर जल्दी कळवा.