समुद्र शांत आहे

भिलाई, शुक्रवार, १२ मार्च १९८२, संध्याकाळ

आज नववा दिवस. रेडिओवर पुन्हा तेच. विशाखापट्टणमला समुद्र शांत, लाटा नाहीत, पुढचे दोन दिवसही तसंच. तिथे नोकरीला असलेल्या आमच्या मुलाचं, दिलीपचं पत्र आलं होतं, पाणी तळ्यासारखं आहे, रोज सकाळी लांबवर पोहतो. तेव्हापासून जिवाला घोर. मी वीस वर्षं इथल्या पोलाद कारखान्यात भट्टीवर काढली. आत माल अडकला की भट्टी अशीच गप्प होते, आणि मग एकदम धडाका. समुद्राचं तसं नसेल कशावरून?

म्हणून काल सिव्हिक सेंटरच्या तारघरात जाऊन तार केली. आई आजारी, लवकर ये. आज त्याची उलट तार आली, निघालो. शेजारच्या बाईंनी ती हिला वाचून दाखवली. मग काय!

"मले कावून बिमार पाडलं? सोताले पाडायचं होतं ना!"

"तुह्यासाठी येते तो. माह्यासाठी आला असता का?"

ही चुलीकडे वळली. तिलाही ते पटलं, हेच मला अजून लागतंय.

आता तो गाडीत असेल. पाण्यापासून तर सुटला. पण आई दिसेल की नाही, या धास्तीत तो इतका प्रवास करेल, हे तार लिहिताना मला सुचलंच नाही. समुद्र शांतच होता. धडाका मीच केला.

मघाशी हिने खाट दारासमोर ओढली, आल्या आल्या त्याला आई दिसेल अशी. उशाशी औषधाची जुनी बाटली ठेवली.