आईला पलीकडे नेण्यापुरती मोटर

अण्णा, त्या रविवारी सकाळी पूजा आटोपून मी बेलापूरच्या खाडीवर गेलो आणि दोन वर्षं खपून बांधलेल्या शिडाच्या होडीत ट्रकच्या चार बॅटऱ्या चढवल्या. मोटर कळंबोलीच्या भंगारातली, कारखान्यात माल उचलणाऱ्या गाडीची. आईला उलव्याकडे, तिच्या माहेरच्या गावदेवीपुढे नारळ ठेवायचा होता, आणि तोही होडीनेच जाऊन. ती अठ्ठ्याहत्तरची. तिला तिकडे ताटकळत ठेवायचं नाही, उतरत्या पाण्याला कापत तासाभरात परत आणायचं, असा माझा बेत.

हिशोब वहीत केला होता, पण मोटर तपासली ती घरी टेबलावर, पाण्यातला पंखा न लावता. पंखा पाण्यात फिरू लागताच तिने पाचपट वीज ओढली. शिवाय वेग दुप्पट हवा तर ताकद आठपट लागते, आणि बॅटरी अर्ध्याखाली उतरवली की लवकर मरते. म्हणून दोनाच्या चार केल्या, तर होडीचा काठ पाण्यापासून वीतभर उरला. धक्क्यावर जाळं सांधत बसलेला म्हातारा कोळी हसला. “शेट, ही होरी हाय का बॅटरीचा दुकान? म्हातारीला बसवशील कुठं?”

आईला न घेता आधी एकटाच चाचणीला निघालो; ओहोटीविरुद्ध अर्ध्या तासात चारही बॅटऱ्या संपल्या. वल्ही मारत काठाला आलो.

हात सोलवटले तेव्हा तुम्ही आठवलात. कौलांनी भरलेला तुमचा मचवा खाडीच्या तोंडाशी उभा आहे, आपण भरतीची वाट पाहतोय. मी दहा वर्षांचा, कंटाळून वल्हं पाण्यात घालतो आणि तुम्ही ते हातातून काढून घेता. “घाई असेल तर उतर आणि चालत जा.” एवढंच. मग विडी पेटवता आणि पाणी चढेपर्यंत माझ्याकडे बघतही नाही.

काल दोन बॅटऱ्या उतरवून ठेवल्या. उरलेल्या दोन वारा पडला तर धक्क्याला लागण्यापुरत्या. पाणी ओसरू लागताच आईला घेऊन शिडावर निघालो. नारळ ठेवून झाला. भरती पुन्हा चढेपर्यंत अख्खा दिवस ती देवळाच्या ओट्यावर माहेरच्या बायकांशी बोलत बसली. परतताना म्हणाली, “इतका वेळ तुझ्या बापानंही कधी दिला नव्हता हो.”

हे पत्र कुठे टाकायचं नाही, म्हणून लिहितो. आईसाठी दोनच पुरत होत्या, हे मला केव्हाच कळलं होतं. वरच्या दोन तुम्हाला हरवायला घेतल्या होत्या.